बिझनेस डिग्रीसाठी कर्ज काढताना कोणता पगार धरायचा?

बिझनेस स्कूलच्या माहितीपत्रकात एक पान ठरलेलं असतं. वर सरासरी पॅकेज, शेजारी जरा ठळक अक्षरांत सर्वोच्च पॅकेज आणि खाली कंपन्यांच्या लोगोंची रांग. दुसरा कागद कर्जाचा: इतकी रक्कम, इतके टक्के व्याज, इतकी वर्षं. हे दोन कागद शेजारी ठेवले जातात, पगाराला बाराने भागलं जातं, त्यातून हप्ता वजा होतो आणि उरलेला आकडा बघून सगळ्यांच्या माना डोलतात. वजाबाकी बरोबर असते. फक्त तिच्यात घातलेला पगार भलत्याच कुणाचा तरी असतो.

कर्जाची बाजू तशी सोपी, कारण ती लेखी असते. सगळी गोची पगाराच्या बाजूला आहे. तिथे जो आकडा छापलेला असतो तो मागच्या वर्षी पास झालेल्या, नोकरी मिळालेल्या आणि पगार सांगायला तयार असलेल्या मुलांचा. तुम्हाला हवा असतो तो वेगळाच: या डिग्रीमुळे *माझ्या* कमाईत किती भर पडेल आणि नशिबाने फारशी साथ दिली नाही तरी त्या भरीतून हप्ता निघेल का?

सरासरी, मधला आणि खालचा

दहा जणांचा वर्ग धरा. नऊ जणांना वर्षाला १५० मिळतात आणि एकाला ६००. (कोणतंही चलन मनात धरा, हिशेब तोच राहतो.) सरासरी निघते १९५. म्हणजे दहातल्या नऊ जणांचा पगार सरासरीच्या खाली आहे, आणि तरीही माहितीपत्रकात छापलेला १९५ हा आकडा शंभर टक्के खरा आहे. बिझनेसच्या क्षेत्रात असं फार घडतं, कारण इथे पगारांचा पसारा मोठा असतो. गुंतवणूक बँका आणि बड्या सल्लागार कंपन्या मूठभर मुलांना घसघशीत रक्कम देतात आणि त्यांच्यामुळे सगळ्या वर्गाची सरासरी वर ओढली जाते.

म्हणून पहिल्यांदा मधला पगार विचारायचा, ज्याला मीडियन म्हणतात. सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मध्यावर जो येतो त्याचा पगार. आपल्या दहा जणांच्या वर्गात तो १५०. बऱ्या संस्था हा आकडा हल्ली देतात.

पण कर्जासाठी मधलाही पुरत नाही, असं माझं मत आहे. शंभर जणांच्या रांगेत खालून पंचविसाव्याचा पगार किती, हे विचारा. वर्गातला दर चौथा विद्यार्थी त्या पगारावर किंवा त्याच्याही खाली असतो. चारात एक म्हणजे अपवाद नव्हे. आणि कर्जाचा हप्ता पगार बघून लहानमोठा होत नाही, निदान नेहमीच्या बँक कर्जाचा तरी नाही. पगार वर-खाली, हप्ता ठाम. अशा वेळी ठाम गोष्ट डगमगत्या गोष्टीच्या खालच्या टोकाला टेकवून बघायची असते.

हे आकडे तयार कसे होतात तेही एकदा जवळून बघू. समजा, शंभर जण पास झाले. त्यांतले काही आपल्याच कंपनीने पाठवलेले, परत तिथेच जाणार. काही जण स्वतःचा धंदा सुरू करणार. काही जणांनी 'सध्या नोकरी शोधत नाही' असं लिहून दिलं. हे वीस जण वगळले की उरले ऐंशी. त्यांतल्या छिहात्तर जणांना ठरलेल्या मुदतीत नोकरी लागली. झालं, ९५ टक्के प्लेसमेंट! आता या छिहात्तरांपैकी पगाराचा आकडा दिला पन्नास जणांनी आणि सरासरी निघाली ती या पन्नासांची. यात खोटं कुणी बोललेलं नाही. अमेरिकेत आणि इतरत्रही अनेक मोठ्या बिझनेस स्कूल 'एमबीए सीएसईए' या संघटनेच्या नियमांप्रमाणे अहवाल काढतात. त्या नियमांत पदवीनंतर तीन महिन्यांपर्यंतची स्थिती, नोकरी शोधणारे आणि न शोधणारे, पगार सांगितलेल्यांचं प्रमाण हे सगळं वेगळं दाखवावं लागतं. म्हणजे माहिती असते, पण अहवालाच्या आतल्या तक्त्यात. पहिल्या पानावर ती कुणी छापत नाही. तेव्हा टक्केवारी दिसली की आधी ती कशाची आहे हे बघायचं. पगार सांगितलेल्यांचं प्रमाण कमी असेल तर मी तो आकडा मनातल्या मनात खाली ओढतो. बरा पगार मिळालेला माणूस तो सांगायला सहसा मागे राहत नाही.

शिवाय पॅकेजमध्ये काय काय कोंबलंय? जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो. कामगिरीवर मिळणारा भाग मिळेल किंवा मिळणार नाही. आणि कर कापला जाण्याआधीची ही रक्कम, तर हप्ता मात्र कर भरून हातात उरलेल्या पैशातून जाणार.

संस्थेच्या तोंडून न ऐकता हे आकडे मिळण्याची सोय काही देशांत आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं 'कॉलेज स्कोअरकार्ड' हे संकेतस्थळ २०१५ पासून कमाईचे आकडे देतं. त्यात २०१९ पासून कॉलेजच नव्हे, तर कॉलेजमधला विषयही निवडून त्या विषयाच्या पदवीधरांची मधली कमाई आणि मधलं कर्ज बघता येतं. कमाईचे आकडे कर खात्याच्या नोंदींतून येतात, मुलांनी भरलेल्या फॉर्मांतून नाही, हा मोठाच फरक. त्यातही एक मेख आहे: केंद्र सरकारची शैक्षणिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचीच कमाई यात मोजली जाते. तरीही एकाच नावाच्या दोन बिझनेस डिग्र्यांमध्ये किती अंतर असू शकतं ते इथे उघड दिसतं. अमेरिकेत दर पाच नव्या पदवीधरांपैकी जवळपास एक बिझनेसचा असतो. एवढ्या मोठ्या घोळक्यासाठी 'बिझनेस डिग्रीला पगार किती?' हा प्रश्नच निरर्थक आहे. फायनान्स आणि अकाउंटिंगची कमाई एक, हॉटेल व्यवस्थापनाची दुसरी. अंतर कॉलेजाकॉलेजांतही आहेच.

डिग्री नसती तर?

आता मधला आणि खालचा दोन्ही पगार हातात आले असं समजू. त्यातून थेट हप्ता वजा करायचा नाही. आधी हे वजा करायचं: डिग्री घेतली नसती तर तेवढ्याच काळाने तुम्ही किती कमावत असता?

एमबीएला जाणारा माणूस बहुतेक वेळा आधीपासून नोकरीत असतो. दोन वर्षांत त्याचा पगार आहे तिथेही वाढलाच असता. म्हणून डिग्रीच्या खात्यावर जमा करायची ती फक्त वरची भर. बारावीनंतर थेट बिझनेसच्या पदवीला जाणाऱ्यासाठी तुलना वेगळी. त्याने ती पदवी घेतली नाही तर तो घरी बसणार नसतो. तो दुसरी, बहुधा स्वस्त पदवी घेईल. महागड्या बिझनेस पदवीची भर त्या दुसऱ्या पदवीच्या तुलनेत मोजायची, शिक्षण सोडलेल्या माणसाच्या तुलनेत नाही. जाहिराती नेमकी दुसरी तुलना करतात, कारण तीत फरक मोठा दिसतो.

इथे एक जुना वाद आडवा येतो. शिक्षणाने माणसाचं कौशल्य वाढतं आणि त्यामुळे पगार वाढतो, ही गॅरी बेकर यांची मांडणी; त्यांना १९९२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मायकल स्पेन्स यांनी १९७३ साली वेगळंच सुचवलं: डिग्री कौशल्य देत नसली तरी ती एक खूण असते. कठीण प्रवेश आणि कठीण अभ्यासक्रम पार करणारा माणूस मुळात कर्तबगार असणार, असं मालक धरून चालतो आणि त्या खुणेला जास्त पैसे देतो. त्यांनाही २००१ साली नोबेल मिळालं. बिझनेस डिग्रीत दोन्हींचा वाटा असतो, आणि खुणेचा वाटा चांगलाच मोठा असावा अशी शंका कॅम्पस मुलाखतींचा घाईगर्दीचा कार्यक्रम बघून कुणालाही येईल. कर्ज काढणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ व्यावहारिक आहे. तुम्ही खुणेसाठी पैसे मोजत असाल तर ती खूण मालक मंडळी ओळखतात का, हे आधी बघावं लागेल. नाव कुणी ऐकलेलं नाही अशा संस्थेची महागडी डिग्री ही सगळ्यात वाईट खरेदी. तिथे कौशल्य स्वस्तात मिळालं असतं, आणि खूण तर मिळतच नाही.

मग नामांकित संस्थेसाठी वाटेल तेवढं कर्ज काढावं का? स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोघांनी २००२ साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर एक चतुर तुलना केली. ज्यांना सारख्याच तोडीच्या कॉलेजांत प्रवेश मिळाला होता, पण ज्यांतले काही नामांकित कॉलेजात गेले आणि काही कमी नावाच्या, त्यांची पुढची कमाई त्यांनी पडताळली. सरासरीत फरक जवळजवळ उरलाच नाही. नामांकित कॉलेजचे विद्यार्थी जास्त कमावतात ते बऱ्याच अंशी ते मुळात तसे असतात म्हणून. अपवाद होता तो गरीब घरातल्या मुलांचा: त्यांना नामांकित कॉलेजचा फायदा स्पष्ट दिसला. ओळखीपाळखी घरातून न मिळालेल्यांना त्या तिथे मिळतात, असा याचा एक अर्थ लावता येतो. हा अभ्यास पदवीच्या पातळीचा आहे, एमबीएचा नाही. तरी त्यातून एक सवय लावून घ्यावी. संस्थेच्या सर्वोत्तम विद्यार्थ्याकडे न बघता आपल्यासारख्या माणसाकडे बघायचं: तेवढाच अनुभव, तसाच आधीचा विषय, तशीच घरची पार्श्वभूमी. अशा दोन-तीन माजी विद्यार्थ्यांशी बोललात तर सगळ्या माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल.

एक हिशेब, शेवटपर्यंत

सगळ्या रकमा कर वजा जाऊन हातात पडणाऱ्या धरू. आज पगार वर्षाला १००. दोन वर्षांचा पूर्णवेळ एमबीए, फी दरवर्षी १००, सगळी कर्जाने. व्याज १० टक्के.

पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला घेतलेल्या १०० चे दोन वर्षांनी १२१ होतात, दुसऱ्या वर्षीच्या १०० चे ११०. शिक्षण संपताना डोक्यावर २३१. शिकत असताना हप्ता नाही याचा अर्थ व्याज नाही असा नव्हे. हप्त्याची सूट असते, व्याजाचा मीटर चालूच असतो. आता १० वर्षांची परतफेड घेतली तर महिन्याला साधारण ३.०५, वर्षाला ३६.६, एकूण ३६६. मुदत १५ वर्षं केली तर वर्षाला सुमारे २९.८, पण एकूण ४४७. घेतले २००, फेडले ४४७. लांब मुदतीचा हप्ता हलका वाटतो तो असा.

पण डिग्रीची किंमत एवढीच नाही. दोन वर्षं नोकरी सोडली: पहिल्या वर्षीचे १०० आणि ७ टक्के वाढ धरून दुसऱ्या वर्षीचे १०७, मिळून २०७ हातचे गेले. कुठल्याच पावतीवर ही रक्कम येत नाही, आणि ती फीपेक्षा मोठी आहे. राहण्या-जेवण्याच्या खर्चाचं मात्र उलटं असतं. तो डिग्री न घेताही झालाच असता, म्हणून तो डिग्रीची किंमत नाही. तो कर्जातून भागवला तर हप्ता वाढवतो, म्हणून हप्त्याच्या गणितात तो हवाच. हे दोन हिशेब वेगळे ठेवले नाहीत की माणसं हमखास गोंधळतात. 'डिग्री परवडते का' हा एक प्रश्न, 'हप्ता झेपतो का' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही, असं सर्रास होतं.

समजा, माहितीपत्रकातली सरासरी २२०, मधला पगार १८० आणि खालून पंचविसावा १४०. डिग्री न घेता दोन वर्षांनी पगार झाला असता ११५. म्हणजे भर सरासरीने १०५, मध्यावर ६५, खाली २५.

मधल्या पगारावर: ६५ मधून हप्त्याचे ३६.६ गेले, पहिल्या वर्षी उरले २८. दोन्ही वाटांवर पगार दरसाल ७ टक्के वाढत गेला तर फरकही रुंदावतो, आणि गमावलेले २०७ सहाव्या वर्षात भरून निघतात. तिथून पुढे नफा. ठीक आहे, करण्यासारखा सौदा आहे.

खालच्या पगारावर: भर २५, हप्ता ३६.६. पहिली सहा वर्षं हा माणूस एमबीए न केलेल्या स्वतःपेक्षा कमी पैशांत राहतो. सातव्या वर्षी हप्ता आणि भर बरोबरीला येतात, दहाव्या वर्षी कर्ज फिटतं, आणि गमावलेला पगार धरून सगळा खर्च वसूल होतो तो पंधराव्या वर्षी. ही सगळी गणितं आजचा पैसा आणि पंधरा वर्षांनंतरचा पैसा सारखाच धरून. खरं तर दूरच्या पैशाची किंमत कमी असते, म्हणजे प्रत्यक्ष चित्र याहून थोडं वाईटच. पंचविशीत किंवा तिशीत सहा वर्षं मागे राहणं म्हणजे कागदावरची वजाबाकी नव्हे. लग्न, मूल, आईवडिलांचं आजारपण, घर हे सगळं त्याच सहा वर्षांत येतं.

आणि तिसरी शक्यता, जी कुणी मांडतच नाही: डिग्री अर्धवट सुटली तर? कर्ज आहे, भर शून्य. अमेरिकेत पदवीला प्रवेश घेतलेल्यांपैकी सहा वर्षांत ती पूर्ण करणारे दहात साधारण सहा. तिथे कर्ज थकवणाऱ्यांत मोठ्या कर्जवाल्यांपेक्षा लहान कर्जवाल्यांचं प्रमाण जास्त आढळलं. ऐकायला उलटं वाटतं, पण लहान कर्ज बऱ्याचदा शिक्षण मध्येच सोडलेल्याचं असतं. कर्जाच्या आकारापेक्षा डिग्री पुरी झाली की नाही याला जास्त महत्त्व.

कर्जाचा स्वभाव

वरच्या सगळ्या गणितात हप्ता ठाम धरला. सगळीकडे तसं नसतं. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२३ पासून पदवीचं शिक्षण सुरू केलेल्यांना सरकारी कर्जाची परतफेड पगारावर करावी लागते: वर्षाला २५,००० पौंडांच्या वर जे मिळेल त्याच्या ९ टक्के, आणि ४० वर्षांत न फिटलेलं माफ. पगार उंबरठ्याखाली असेल तर काहीच नाही. ऑस्ट्रेलियाने कमाईवर बेतलेली अशी फेड १९८९ मध्येच सुरू केली होती. अशा कर्जात वरचा 'खालून पंचविसावा' माणूस बुडत नाही. त्याऐवजी मधला माणूस दीर्घ काळ फेडत राहतो, जवळपास जादा करासारखं. म्हणून कुणी 'एवढं कर्ज आहे' म्हटलं की पहिला प्रश्न रकमेचा नको, कुठल्या जातीचं कर्ज आहे याचा हवा.

कमाईवर फेड ही कल्पना मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ साली मांडली होती. १९७१ मध्ये येल विद्यापीठाने तिचा एक प्रयोग केला, त्याची गोष्ट बिझनेसवाल्यांनी वाचण्यासारखी आहे. विद्यार्थ्याने दर १,००० डॉलर कर्जामागे उत्पन्नाचा ०.४ टक्का द्यायचा, तोही त्या वर्षीच्या सगळ्या गटाचं कर्ज फिटेपर्यंत. ज्यांची कमाई भरमसाट होईल त्यांना कर्जाच्या दीडपट रक्कम भरून बाहेर पडायची मुभा होती. परिणाम अपेक्षित होता तोच झाला: भरपूर कमावणारे निघून गेले, काहींनी पैसे देणंच टाळलं, आणि मागे उरलेल्यांच्या गळ्यात गटाचं कर्ज वर्षानुवर्षं पडून राहिलं. शेवटी विद्यापीठाने उरलेली देणी सोडून दिली. आजही एखादी संस्था किंवा कंपनी 'आधी शिका, मग पगारातला हिस्सा द्या' म्हणते, तेव्हा कमाल रक्कम किती आणि किती वर्षं, हे दोन आकडे आधी विचारावेत.

ठाम हप्त्याचं कर्ज असेल तर किती टक्के पगार हप्त्यात गेलेला चालतो? अमेरिकी शिक्षण खात्याने आपल्या 'गेनफुल एम्प्लॉयमेंट' नियमात, मुख्यतः नफा कमावणाऱ्या संस्था आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रमांसाठी, एक रेघ ओढली: वर्षाचा हप्ता कमाईच्या ८ टक्क्यांच्या आत किंवा जगण्यापुरतं सोडून उरणाऱ्या उत्पन्नाच्या २० टक्क्यांच्या आत. हा नियम २०१४ ला आला, २०१९ ला रद्द झाला, २०२३ ला परत आला. राजकारण बदललं की तो बदलतो. आपल्या उदाहरणात मधल्या पगारावर हप्ता हातातल्या पैशाच्या २० टक्के आहे आणि खालच्यावर २६ टक्के. ८ टक्क्यांची रेघ कर कापण्याआधीच्या कमाईवर आहे, त्यामुळे थेट तुलना नको, पण अंतर कोणाच्याही नजरेत भरेल एवढं आहे.

अलीकडचा मोठा बदलही तिकडचाच. २००६ पासून अमेरिकेत पदव्युत्तर विद्यार्थ्याला 'ग्रॅड प्लस' कर्जातून अभ्यासक्रमाचा सगळा खर्च सरकारकडून उचलता येत होता, जणू मर्यादाच नाही. ४ जुलै २०२५ ला झालेल्या कायद्याने हे कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद केलं. डॉक्टर, वकील अशा व्यावसायिक पदव्यांना वर्षाला ५०,००० डॉलरची मर्यादा ठेवली. एमबीए त्या यादीत नाही, त्याला वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलर. त्याच कायद्यात कमाईची कसोटीही आहे: पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांची मधली कमाई साध्या पदवीधरांच्या मधल्या कमाईहून खाली गेली आणि तीनपैकी दोन वर्षं तशीच राहिली, तर त्या अभ्यासक्रमासाठी सरकारी कर्ज बंद. म्हणजे 'डिग्री नसती तर?' हाच प्रश्न आता कायद्यात आला आहे. वरची फी लोक खाजगी कर्जातून भागवतील, आणि खाजगी कर्जात पगार घसरला म्हणून हप्ता कमी करण्याची सोय क्वचितच असते. त्यात अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली तरी शैक्षणिक कर्ज सहजी सुटत नाही.

जे आपल्या हातात नाही

कितीही नेटका हिशेब केला तरी पास होण्याचं वर्ष निवडता येत नाही. पॉल ओयर यांनी २००८ साली स्टॅनफर्डच्या एमबीएधारकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेअर बाजार तेजीत असताना पास झालेले वॉल स्ट्रीटवर जास्त गेले, मंदीतले कमी, आणि पहिल्या नोकरीचा हा फरक पुढेही टिकला. तेवढ्याच हुशारीच्या माणसांच्या आयुष्यभराच्या कमाईत केवळ सालामुळे फरक पडला. कॅनडातल्या पदवीधरांवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात मंदीत पास झालेल्यांची कमाई सुरुवातीला सुमारे ९ टक्के कमी आढळली आणि ती तूट भरून यायला जवळपास दहा वर्षं लागली. दहा वर्षं! म्हणजे नेमकी हप्त्याची मुदत. तेजीच्या वर्षीचा प्लेसमेंट अहवाल बघून मंदीच्या वर्षासाठी कर्ज काढलं जाऊ शकतं, म्हणून निदान एक वाईट वर्ष धरून चार-पाच वर्षांचे अहवाल मागवावेत.

पुढच्या वीस वर्षांचा पगार एका सरळ वाढत्या रेषेत मांडण्याची सवयही घातक. मारियान बर्ट्रांड, क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी शिकागो विद्यापीठाच्या १९९० ते २००६ मधल्या एमबीएधारकांचा मागोवा घेतला. स्त्री-पुरुषांचे सुरुवातीचे पगार जवळजवळ सारखे होते. दहा-पंधरा वर्षांत मोठी दरी पडली. कारणांत मुख्य होतं मूल झाल्यावर नोकरीत पडणारा खंड आणि कामाचे कमी झालेले तास. ज्या घरात दोन-तीन वर्षं एकाच पगारावर काढायची वेळ येऊ शकते, त्यांनी हप्ता त्या एका पगाराला झेपतो का हे आजच तपासावं.

आता गणित उलट्या बाजूने करू, कारण कर्ज किती मिळतंय यापेक्षा किती काढावं हे ठरवायचं आहे. आपल्या उदाहरणात खालच्या पगारावरची भर होती २५. हप्ता त्याच्या आत ठेवायचा तर १० वर्षांच्या मुदतीत शिक्षण संपताना कर्ज १५८ च्या वर जायला नको, म्हणजे मूळ कर्ज साधारण १३६. फी २००. उरलेले ६४ कर्जाशिवाय उभे करावे लागतील: बचत, शिष्यवृत्ती, कंपनीने उचललेला वाटा, किंवा नोकरी न सोडता करायचा अर्धवेळ अभ्यासक्रम, ज्यात ते गमावलेले २०७ही वाचतात. शिष्यवृत्तीचा आकडा पहिल्या पत्रात येतो तो अंतिम असतोच असं नाही. दुसऱ्या तोडीच्या संस्थेचं प्रवेशपत्र हातात असेल तर ते दाखवून लेखी विचारणा करा आणि फी भरण्याची मुदत संपायच्या आत करा, कारण फीचा पहिला हप्ता भरल्यावर त्यांना तुमचं ऐकण्याची गरज उरत नाही.